सोडा की ओढा

हिमालयातल्या शिखराची मोहीम आखायला तिघं हॉलमध्ये बसले खरे, पण नकाशाची घडी काही उलगडली नव्हती. मोहिमेची प्रमुख म्हणजे धाकटी नणंद, आणि ती गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून फुगून बसली होती. सकाळी सरावाच्या भिंतीवरून ती "दोर सोडा" म्हणून ओरडली आणि खाली उभ्या वहिनीने दोर नेमका ओढला. पाय सटकला, गुडघा आपटला. आता वहिनींनी तळावरच थांबावं, असं तिने भावाला वहिनीदेखत सांगून टाकलं.

वहिनीला लागलंच ते. या शिखरासाठी तिने वर्षभर लिफ्टला हात लावला नव्हता. पण नोकरी पडली कानांच्या दवाखान्यात, लोकांचं ऐकणं तपासायची; त्यामुळे रडू येण्याआधी तिला कुतूहलच छळायला लागलं. सकाळी वारा भणाणत होता. तिने 'ओढा' ऐकलं होतं, अगदी स्वच्छ. असं कसं?

तिने नवऱ्याला मिक्सर रिकामाच फिरवायला बसवलं, पंखा मोठा केला आणि नणंदेला कानटोपी घालून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. 'ओढा' ऐकू आलं तर हात वर, 'सोडा' आलं तर खाली, एवढंच. नणंदेने नाक मुरडलं. स्वयंपाकघरातून हाक आली, तिने हात वर केला. पुन्हा हाक, पुन्हा वर. तिसऱ्यांदाही वरच.

मिक्सर थांबला. "मी एकदाही 'ओढा' म्हटलं नाही," वहिनी म्हणाली. "वारा 'स' खाऊन टाकतो गं."

नणंदेने दोन्ही शब्द जिभेवर घोळवून पाहिले आणि ती ओशाळली. सकाळपासून आपण उगाच वहिनींवर डाफरलो, हे तिने कबूल केलं. मग गुडघा राहिला बाजूला आणि खेळच सुरू झाला. 'द्या' आणि 'घ्या' म्हणजे आगीतून फुफाट्यात. नवऱ्याने, सोडा म्हटलं की आपल्याला फक्त लिंबू आठवतं, अशी मोलाची भर घातली. शेवटी 'ढील' मात्र मिक्सरला पुरून उरलं.

"मग तळावर कोण थांबणार?" वहिनीने जपूनच विचारलं.

नणंदेने नकाशा पुढे ओढून उलगडला.

"ओढा आणि ढील, दोनच शब्द. आपल्या दोघींच्या दोरावर 'सोडा' नकोच, वहिनी."