ज्याचं दुखणं, त्याचे हात

“हा घे गं आई. ह्यो खोटं बोलायचा न्हाई.”

मित्रांनो, माणसाचा आवाज इतक्या जवळून मी पहिल्यांदा ऐकला, तो हा. गुंजवणीच्या पात्रात गुडघाभर पाण्यात ज्ञानू गुरव उभा होता. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं, चहूबाजूंनी फिरवून पाहिलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि गडाकडे तोंड करून तो आपल्या देवीशी बोलला. तोवर मी नदीतला एक गोटा होतो. पाण्यानं मला इतकं घासलं होतं की कुठूनही बघा, मी सारखाच गोल. आता मी कौलाचा दगड आहे. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वाटेवर, वाघजाईचं एक बुटकं देऊळ आहे. तिथं देवीच्या पायांपुढच्या सपाट शिळेवर मी बसलेला असतो. हळदीनं पिवळा, तेलानं काळा.

कौल कसा लावतात ते तुम्हाला सांगतो. माणूस अडला की शिळेपुढे उकिडवा बसतो. दोन्ही तळहात माझ्यावर टेकवतो, डोळे मिटतो आणि देवीला विचारतो. मी उजवीकडे वळलो तर देवीचं ‘व्हय’. डावीकडे वळलो तर ‘न्हाई’. जागचा हललोच नाही तर पुन्हा यायचं.

ज्ञानूचा नियम एकच होता. “ज्याचं दुखनं, त्याचंच हात,” तो म्हणायचा. बापानं लेकासाठी हात लावायचे नाहीत, नवऱ्यानं बायकोसाठी लावायचे नाहीत. एकदा एक शेतकरी धाकट्या भावानं वेगळं व्हावं का, हे विचारायला आला. ज्ञानूनं त्याला पायरीवरूनच परतवलं. “भाऊ लुळा हाय का तुजा? मग त्यालाच धाड की. तुजं हात तुज्या पोटासाठी ठेव.”

तुम्ही विचाराल, की दगडा, तू खरंच आपल्या आपण वळायचास का? खरं सांगतो. नाही. मला ना पाय, ना हात. हात ठेवणाऱ्याच्या मनाचा कल त्याच्याही नकळत त्याच्या बोटांत उतरायचा आणि माझ्या गोल अंगाला तेवढा पुरायचा. त्या बोटांत देवी होती की नव्हती, मला ठाऊक नाही. सगळा जन्म मी तिच्या पायांशी काढला, पण ती माझ्याशी कधी बोलली नाही. एवढं मात्र छातीठोक सांगतो, की त्या हातांत लबाडी नव्हती. वळवणाऱ्यालाच ठाऊक नसायचं आपण वळवतोय ते. आपल्या मनात काय आहे ते त्याला माझ्याकडून कळायचं आणि तो हलक्या पायांनी घरी जायचा.

माझ्याकडे बायका जास्त यायच्या. घरात ज्यांना कुणी विचारत नसे, त्या इथं येऊन विचारायच्या. माझ्यावर पाणी घालताना त्या म्हणायच्या:

कौलाच्या गोट्या बाळा, तुला दुधानं घालते न्हाऊ
माझ्या मनातलं सांग, माझं नाव नको लावू

रतनबाई पहिल्यांदा आली तेव्हा ती नवी सून होती. पोटुशी होती. बाळंतपणाला पानशेतकडे माहेरी जायचं तिच्या मनात होतं आणि सासरा म्हणत होता, भातलावणीच्या तोंडावर घरातलं माणूस कुठं जात नसतं. तिचा नवरा हनुमंत बापापुढे बोलणारा नव्हता. तसा तो बायकोशीही फारसा बोलणारा नव्हता. रतनबाईनं माझ्यावर हात ठेवले. गार, ओले, थरथरणारे हात. डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडत होतं. मी उजवीकडे वळलो. सासरा देवीपुढे काय बोलणार? दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपली. मित्रांनो, त्या घरात त्या पोरीचा पहिला शब्द चालला, तो माझ्या तोंडून. आणि माहेरी तिला लेक झाली, तिचं नाव प्रेरणा.

प्रेरणाला गावात सगळे पेरना म्हणत. शाळा सुटली की ती देवळाच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची, जाताना मला तांब्याभर पाणी घालायची. “माझ्या टायमाला आई हितंच आली हुती,” मैत्रिणींना सांगायची, “दगुड फिरला, म्हनून मी नीट जलमले.” पोर भोळी नव्हती हं. सगळं निरखून बघायची. कोण रडत आलं नि हसत गेलं, कुणाचं भांडण इथं मिटलं, तिला सगळं पाठ. ज्यानं आपल्या डोळ्यांदेखत कधी दगा दिला नाही, त्याच्यावर भरवसा टाकणं याला कुणी वेडेपणा म्हणेल का? तिच्या विश्वासाला कारणं होती. मी त्यातलं एक, आणि तिची आई दुसरं.

ज्ञानू गेला. त्याचा मुलगा मानसिंग गुरवकी बघू लागला. मनानं चांगला, पण भिडस्त. मोठ्या माणसाला ‘न्हाई’ म्हणणं त्याला जमत नसे.

प्रेरणा बारावी झाली आणि तिला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी जायलाच हवं होतं, नाहीतर जागा गेली असती. हनुमंत म्हणाला, देवीला विचारू. प्रेरणा आनंदानं तयार झाली. मी काय सांगणार याची तिला खात्रीच होती. पण त्या दिवशी तिची अडचण होती, बाहेर बसायची पाळी. तिला देवळात यायची मनाई.

“मग हिच्या आईचं हात लावू,” हनुमंत म्हणाला.

मानसिंगला बापाचा नियम आठवला असावा. तो डोकं खाजवत म्हणाला, “आबा म्हनायचं, ज्याचं दुखनं...”

“आई काय परकी हाय व्हय रं?” हनुमंतानं त्याला गप्प केलं.

प्रेरणा पायरीखाली, करंजाच्या झाडाशी उभी होती. तिनं हात जोडले होते. रतनबाई माझ्यापुढे बसली. तेच हात. मला वाटलं, आता मागच्यासारखं सुख होणार. मी वाट बघत राहिलो, की बोटांतून काहीतरी हळूच झिरपेल.

झिरपलं नाही काही. तिनं दोन्ही अंगठे माझ्या कुशीत रोवले आणि मला डावीकडे ढकललं.

मित्रांनो, नदीच्या पुरात मी डोंगरावरून खाली आलो, तेव्हा इतकं लागलं नव्हतं. तिच्या तोंडी शब्द नव्हते तेव्हा मी तिला माझं तोंड दिलं. त्याच तोंडात तिनं दुसऱ्याच्या नशिबाचं खोटं घातलं, आणि तेही देवीच्या देखत. मला ओरडायचं होतं. पण दगडाला कुठला आवाज?

“न्हाई आलं,” मानसिंग बाहेर ऐकू जाईल असं म्हणाला.

प्रेरणानं जोडलेले हात खाली सोडले. रडली नाही. तिथूनच तिनं देवीला नमस्कार केला आणि म्हणाली, “तुला पुढचं दिसत आसंल, आई.” पुढच्या उन्हाळ्यात नसरापूरला तिचं लग्न झालं. नवऱ्याची शेअर रिक्षा आहे, माणूस बरा आहे. ती दरवर्षी माहेरी आली की मला पाणी घालायला यायची. मला ते पाणी चटके द्यायचं. त्यानंतर रतनबाईनं मात्र मला कधी हात लावला नाही. ती देवळात यायची, फूल वाहायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

पुढे दिवस पालटले. कौल लावणारे कमी झाले. गडावर जाणारी पोरं माझ्यावर पाण्याच्या बाटल्या टेकवू लागली. एकानं तर मोबाईलसमोर मला विचारलं, “दगडभाऊ, आज बालेकिल्ला होणार का?” आणि सगळी हसली. निदान त्यांच्या हातांत कपट नव्हतं.

या वर्षी गणपती झाल्यावर एका सकाळी वडापची, सीटभाड्यानं माणसं नेणारी जीप थांबली आणि तिघी उतरल्या. रतनबाई, आता पार वाकलेली. प्रेरणा. आणि प्रेरणाची लेक राजनंदिनी, यंदा बारावी झालेली.

“मानसिंगदादा, कौल लावायचाय,” प्रेरणा म्हणाली. “हिचा परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागलाय. लई लांब हाय. देवी व्हय म्हनली तर धाडते. न्हाई म्हनली तर न्हाई.”

“आणि तू काय म्हणतेस?” राजनंदिनीनं विचारलं.

“मी काय म्हनायचंय? मला बी देवी न्हाई म्हनली हुती. म्या ऐकलं. काय बिघडलं माजं?”

“शेजारच्या आजोबांना सलाईन लावायला नर्स येते, तेव्हा तू दारात उभी राहून तिचे हात बघत बसतेस. दूध उतू गेलं तरी कळत नाही तुला. ते बिघडलंय.”

रतनबाईनं पदर तोंडाशी धरला.

“आई, मी देवीला नको म्हणत नाही,” पोर जरा मऊ आवाजात म्हणाली. “पण आधी मी या दगडाला साधं काहीतरी विचारते. त्याला खरंच ठाऊक असेल, तर तू म्हणशील तसं.”

“देवीची परीक्षा घेतीस व्हय गं भवाने?” मानसिंग म्हणाला.

“देवीची नाही मामा. दगडाची.”

मला तिचा राग यायला हवा होता, नाही का? आला नाही. उलट बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला माझ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं ओट्यावरच्या दोन करवंट्या घेतल्या, माझ्या उजव्या नि डाव्या अंगाला पालथ्या घातल्या. प्रेरणाला पाठ फिरवायला लावून एकीखाली खोबऱ्याचा तुकडा लपवला. मग प्रेरणानं डोळे मिटून माझ्यावर हात ठेवले. देवी, खोबरं कुठंय? एकदा मी बरोबर वळलो. पुढच्या वेळी चुकलो. मग पुन्हा चुकलो. त्यानंतर हललोच नाही.

“देवी काय मांजर हाय व्हय, खोबरं हुडकायला?” मानसिंग हसला.

“आजी, आता तू ये. मी कुठं ठेवलं ते तू बघितलंयस.”

“नगं बाई. माजं हात दुखत्यात.”

“ये गं आये,” प्रेरणा म्हणाली. “लेकराचं मन राख.”

रतनबाई आली. सुकलेले, शिरा आलेले हात. पण अंगठे मी ओळखले. त्यांचा नुसता स्पर्श झाला आणि मी खोबऱ्याकडे वळलो. करवंट्या बदलल्या, पुन्हा वळलो. एकदाही चुकलो नाही.

“बघ,” राजनंदिनी म्हणाली. “ज्याला ठाऊक, त्याच्या हाताखाली बरोबर. दगड काही सांगत नाही गं आई. हात सांगतात.”

प्रेरणा शिळेशी टेकली. आईच्या हातांकडे बघत ती म्हणाली, “म्हंजी माज्या येळंला... हात तर आयेचं हुतं.” आणि लगेच स्वतःच मान हलवली. “पर तिला तरी काय ठावं? मनात काळजी आसंल, बोटं वळली आसतील. माजी आई जानून-बुजून न्हाई करायची तसं.”

ऐकलंत, मित्रांनो? दगडावरचा विश्वास सुटला, तरी तिनं आईवरचा धरून ठेवला. म्हणून माझी तुम्हाला एक विनवणी आहे. देव मानणारं माणूस शहाणं की खुळं, यावरून तुम्ही हवं तेवढं भांडा. पण कुणी तुमच्यावर असा भार टाकून निर्धास्त उभं असेल, तर त्याच्या देवाच्या तोंडात आपले शब्द घालू नका. मला तेल नको, हळद नको. मला खोट्या हातांपासून तेवढं जपा.

रतनबाईनं माझ्यावरचे हात अजून काढले नव्हते. ते थरथरायला लागले, अगदी त्या पहिल्या वेळेसारखे.

“हिला धाड परभनीला,” ती म्हणाली. “कुनाला इचारू नगंस. आन् पेरना, ऐक. तुला देवी न्हाई म्हनली न्हवती. म्याच म्हनले. अंगठं रोवून फिरवला म्या ह्याला. तू गेली आसतीस, तर त्या घरात माज्याशी बोलनारं कुनी ऱ्हायलं नसतं गं.”