आनंदीचे मूग

हौसाबाईंचं रक्त साडेबारावर गेलं. हे वाक्य वाचलं नाही असं समजा, कारण त्या प्रयोगात हौसाबाई नव्हत्याच.

प्रयोग माझ्या बहिणीवर होता. आनंदीला सावंतवाडीला नर्सिंगला जायचं होतं. नाव यादीत लागलं होतं, फक्त तब्येतीचा दाखला हवा होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "साडेसात आहे. निदान दहा हवं. दीड महिन्याने पाहू." आणि लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. गोळी पोटात गेली की अर्ध्या तासात आनंदी परसात धावायची. गोळी माडाच्या मुळाशी पडायची. माड तेवढा टवटवीत दिसत होता.

मी मसुऱ्याच्या हायस्कुलात प्रयोगशाळा साहाय्यक. एका जुन्या शेतकी मासिकात वाचलं होतं की मोड आणताना पाण्यात लोह मिसळलं तर धान्य ते आत ओढून घेतं. मग माणसाला ते मुगातून जातं आणि पोट ओळखत नाही. मी गोळीवरचा लाल थर खरवडला, पूड केली, पाण्यात विरघळवली आणि त्यात मूग भिजवले. पहिल्या खेपेला पाच गोळ्या टाकल्या. मूग काळे पडले आणि त्यांना गंजक्या खिळ्यासारखा वास सुटला. दुसऱ्या खेपेला एकच टाकली. पंच्यात बांधून ठेवलेल्या मुगांना दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड आले.

आईला सांगितलं, "रोज वाटीभर आनंदीक. दुसऱ्या कोणाक नाय."

"बरां," आई म्हणाली.

मी दहाला शाळेत जायचो. मूग साडेदहाला फोडणीत पडायचे.

दीड महिन्याने लसटोचणीसाठी डॉक्टर वाडीत आले, तेव्हा आनंदीचं रक्तही त्यांनी आमच्याच ओसरीवर तपासलं. सुई टोचली, काचेच्या नळीत रंग जुळवला. साडेसात. परत जुळवला. साडेसात. शेजारच्या हौसाबाई गंमत बघायला आल्या होत्या. त्यांनी न विचारताच बोट पुढे केलं.

"साडेबारा!" डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. "मागे आठ होतं ना तुमचं? काय खाता?"

"काय नाय रे बाबा. जानकी मुगाची उसळ धाडता, ती."

सगळ्यांनी आईकडे बघितलं.

"फोडणीचो वास कुंपणापलीकडे जाता," आई म्हणाली. "शेजारणीक दिल्याबिगर आपल्या गळ्याखाली उतरात काय?"

"आये, ता औषध होता!"

"मगे औषध दिल्यार पुण्य जास्ती."

"सगळा दिलंस?"

"वाटी अर्धी कशी धाडूची? बरां दिसता काय?"

"आणि आनंदीन काय खाल्ल्यान?"

"वाटी रिकामी येवक नाय कधी," आनंदी बोट दाबून धरत म्हणाली. "हौसाकाकीचो भोपळो येय. शेजारचा आधी संपवूचा लागता. दीड महिनो भोपळोच खातंय."

"बरो होतो मां गो?" हौसाबाईंनी विचारलं.

"बरो होतो," आनंदी म्हणाली, आणि आत गेली. दाखला शुक्रवारपर्यंत सावंतवाडीला पोचायला हवा होता. ती आत काय करत होती ते बघायला कोणी गेलं नाही. डॉक्टरांनी पिशवी बांधली. मी कागद घेतला.

मा. वैद्यकीय अधिकारी यांस,

विनंती अर्ज करतो की, श्रीमती हौसाबाई यांच्या अंगी चालू उन्हाळ्यात वाढलेले साडेचार ग्रॅम रक्त हे मूळ कु. आनंदी हिच्यासाठी मंजूर झालेल्या गोळ्यांचे असून, शेजारधर्मामुळे ते एक घर पुढे पोचले आहे. श्रीमती हौसाबाई यांची हरकत नाही. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा खाली उमटवला आहे. सबब, सदर वाढीपैकी अडीच ग्रॅम कु. आनंदी हिच्या नावे वर्ग करून तिला दहा ग्रॅमचा दाखला शुक्रवारपूर्वी देण्यात यावा, ही नम्र विनंती.