एका कडीची संध्याकाळ

इस्त्रीवालीने साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सरकारी वकिलांकडे असं पाहिलं, जणू ते तिच्या दुकानात न धुतलेले कपडे घेऊन आले होते.

समोर आरोपी म्हणून तिचा धाकटा भाऊ उभा होता. धंद्याने सुतार. घरफोडीपायी पूर्वी तुरुंगाची हवा खाऊन आलेला. आता एका संध्याकाळी तिच्या घरापासून चार दारं पलीकडे चोरी झाली होती आणि चोराने मागचं दार बिजागऱ्यांवरून अख्खं उतरवून ठेवलं होतं. धाकटाही पूर्वी असंच करायचा. "पद्धत तीच, म्हणून माणूस तोच, जुनी प्रकरणं पुराव्यात घ्या," असा सरकारी वकिलांनी हट्ट धरला होता. बिजागऱ्या काढायला कुणालाही येतात, असं म्हणून न्यायाधीशांनी तो मोडीत काढला होता.

बाहेरच्या बाकावर भावाच्या वकीलबाईंनी तिला बजावून बजावून सांगितलं होतं.

"तो चांगला आहे असं चुकूनही म्हणायचं नाही. तुम्ही चांगला म्हणालात, की त्याचं वाईट उकरून काढायला ते मोकळे. आणि वाईट तर म्हणूच नका. त्या संध्याकाळी तो तुमच्याकडे दाराला कडी बसवत होता. बास."

म्हणजे तोंडाला कुलूप. इस्त्रीवालीला हे अवघडच होतं. भावाबद्दल कुणी वावगं बोललं की ती हातातल्या गरम इस्त्रीसकट दारात यायची, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

सरकारी वकिलांनी घसा साफ केला.

"दिवे लागल्यापासून जेवणापर्यंत आरोपी तुमच्याच घरी होता म्हणता?"

"होता."

"एक कडी बसवायला एवढा वेळ?"

"ते त्याला विचारा. रेंगाळला होता खरा. स्क्रू लावायचा, पुन्हा काढायचा. मलाही नवल वाटलं."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"इस्त्री. आणखी काय करणार?"

"म्हणजे मान खाली. मधे तो चार घरं पलीकडे जाऊन आला असता, तर तुम्हाला पत्ता लागला नसता."

"लागला असता. मी त्याच्याकडेच बघत होते."

"बाई, इस्त्री करणारीचं लक्ष इस्त्रीवर असतं."

"म्हणूनच तर मास्तरांचा शर्ट जळला! पाठीवर अख्खी इस्त्री उमटली. विचारा गल्लीत, त्याआधी कधी माझ्या हातून कापड जळलंय का."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. सरकारी वकीलही हसले, पण वेगळं. त्यांना हवं ते सापडलं होतं.

"कपडा जळेपर्यंत बघत होतात? सख्ख्या भावावर असा पहारा कोण ठेवतं? का ठेवलात, तेवढं सांगा."

वकीलबाई ताडकन उठल्या. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि इस्त्रीवालीला म्हणाले, "प्रश्न मला गैरलागू वाटतो. उत्तर नाही दिलंत तरी चालेल."

वकीलबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. इस्त्रीवालीने मात्र भावाकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. उत्तर दिलं नाही तर शर्ट नुसता जळका शर्ट राहणार होता आणि ती भावाला पाठीशी घालणारी चार बायकांसारखी बहीण. दिलं, तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. मग तिला रागच आला, सगळ्यांचा.

"देते की उत्तर. शपथ घेतलीय ना मी? माझा त्याच्यावर विश्वास नव्हता."

धाकट्याने मान वर केली.

"का बरं नव्हता?" सरकारी वकिलांच्या आवाजात साखर आली.

"कारण त्याने पूर्वी चोऱ्या केल्यात. हेच काढायचं होतं ना माझ्या तोंडून? घ्या. लिहून घ्या. गल्लीत मी त्याच्यासाठी भांडत होते आणि घरात तो आला की कपाटाला कुलूप लावत होते. त्या संध्याकाळी किल्ली मुठीत होती माझ्या. इस्त्रीचं टेबल फिरवून मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले. तुमच्यासारखंच वाटत होतं मला, हा पुन्हा हात मारणार. म्हणून डोळा हलवला नाही. आता सांगा, ज्याला मी चोर धरून राखत होते, तो माझ्या डोळ्यांसमोरून तुमची चोरी करायला गेला कधी?"

तिने कठड्यावर हात आपटला.

"मायेने आंधळी झालेली बहीण हवी असेल, तर दुसरी आणा," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी हातातले कागद उगाचच सारखे केले. न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "तो शर्ट आहे अजून?"

"आहे. मास्तरांना नवा दिला, जळका माझ्याकडेच ठेवलाय."

"उद्या घेऊन या."

बाहेरच्या बोळात हवालदार धाकट्याला घेऊन जात होता. इस्त्रीवाली भिंतीला टेकून उभी होती. माफी मागायची तिला सवय नव्हती. मागावीशीही वाटत नव्हती आणि न मागता राहवतही नव्हतं. तो समोर येताच हवालदार पाणी प्यायच्या निमित्ताने जरा रेंगाळला.

"असा काय बघतोस?" ती खेकसली. "खोटं बोलले का मी?"

"नाही."

"मग?"

"किल्ली मला दिसली होती, ताई. आल्या आल्याच."

तिची मूठ नकळत मिटली.

"कडीला काय, दहा मिनिटं पुरली असती," तो म्हणाला. "पण म्हटलं, तू बघतेयस तर पोटभर बघू दे. उद्या तुझ्या घरातलं काही इकडचं तिकडे झालं, तर निदान एकीला तरी खात्री असावी, की यानं नाही नेलं. शर्ट जळल्याचा वास आला होता मला. पण ओरडलो असतो, तर तुझी नजर हलली असती."