चौथा पत्ता

नर्सबाई आईला घेऊन भाड्याच्या घरात नुकत्याच आल्या होत्या. घरासोबतच मिळालेल्या राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कुणाला नेट द्यायचं हे ठरवणाऱ्या यादीत, त्या नेटला जोडलेल्या उपकरणांच्या आयपी पत्त्यांचे गट करत होत्या. आपला फोन नि लॅपटॉप एका गटात, आईचा टीव्ही दुसऱ्यात. तरी एक पत्ता उरला. त्यापुढे लिहिलं होतं, ‘कॅमेरा’.

“आई, आपल्याकडे कॅमेरा आहे?”

“कुठला गं?”

 नर्सबाईंनी तो पत्ता बंदीच्या गटात टाकला; कॅमेऱ्याचं नेट तुटलं.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात घरमालक.

“ताई, नेटला काही केलंत का?”

“हो काका. आता पोलिसांना फोन करतेय,” दाराची साखळी न काढताच त्या म्हणाल्या.

काका हलले नाहीत. त्यांच्या हातात घराची दुसरी किल्ली होती. नर्सबाईंनी दार लावून फोन केला आणि पोलीस येईपर्यंत त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.