तपासून परत पाठवलेलं स्थळ

लश्कर म्हणजे आमची हिंदी मुलखातली जुनी वस्ती; इथल्या मराठी माणसाची एक गंमत आहे. घरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि मुलामुलीचं लग्न काढायचं म्हटलं की इंग्रजी. दोन्हीकडची मंडळी बैठकीत बसून ‘पोहे घ्या ना’च म्हणणार, पण त्या पोह्यांपर्यंत पोचायचं तर आधी इंग्रजी बायोडेटा हवा. आणि तो दौलतगंज मोहल्ल्यात दिनकररावांकडून तपासून घ्यायचा, ही आमच्याकडची रीतच झाली होती.

दिनकरराव सरकारी शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर. त्यांची जमेची बाजू मोठी. स्वल्पविराम कुठे हवा हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ यांतला फरक त्यांनी वस्तीतल्या दोन पिढ्यांना शिकवला. दोन्ही पिढ्या तो विसरल्या, तो भाग वेगळा. मिठाईवाल्याच्या पाटीवर अ‍ॅपॉस्ट्रॉफी चुकीच्या जागी बसली म्हणून त्यांनी त्याच्याकडची जिलबी सोडली. तो म्हणाला, “सर, जलेबी तो गोल ही है.”

खर्चाची बाजू एवढीच, की त्यांच्या हाताखालून गेलेली सगळी लग्नाळू मंडळी कागदावर एकसारखी दिसायला लागली. सगळ्या मुली ‘रिस्पॉन्सिबल’, सगळे मुलगे ‘डाउन टु अर्थ’. फोटो इकडचे तिकडे झाले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

त्यांची स्वतःची मुलगी मधुवंती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तिशी उलटलेली. आलेलं प्रत्येक स्थळ ती मोबाइलवर बघायची आणि मान वर न करता ‘नको’ म्हणायची. मग कंपू नावाच्या पलीकडच्या मोहल्ल्यातून एक स्थळ आलं. राजवर्धन, एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, वडील नाहीत, आई सुधाताई. बायोडेटा त्याने स्वतःच लिहिला होता आणि कुणाला दाखवला नव्हता. आवडीनिवडींच्या रकान्यात त्याचं इंग्रजी असं होतं: ‘आफ्टर ड्यूटी आय अ‍ॅम सिटिंग विथ ओल्ड पेशंट्स. दे आर टेलिंग सेम स्टोरी डेली. आय अ‍ॅम लिसनिंग, बिकॉज दे आर चेंजिंग द एंड.’

मधुवंतीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “बघू या.”

विजयाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, गॅस बंद केला. या घरात ‘बघू या’ पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

दिनकररावांनाही आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बायोडेटाची प्रिंट काढून आणली, लाल पेनने साफ केली, त्या कागदाचा फोटो काढला आणि थेट सुधाताईंना पाठवून दिला. उपकार म्हणून. या माणसाला आयुष्यात लोकांनी चुका काढल्याबद्दल तिळगुळाच्या गजकाचे डबेच आणून दिले होते. चूक दाखवली की कुणाला लागतं, ही शंका यायची कुठून?

सुधाताईंचा फोन विजयाबाईंना आला. “आम्ही स्थळ पाठवलं होतं, पेपर नाही. मुलाला किती मार्क पडले तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी परत बसवते. पण दुसरीकडे.”

विजयाबाईंनी फोन खाली ठेवला. “ऐकलंत? आपण नापास.”

“अगं, सगळी वाक्यं ‘इंग’मध्ये होती. एकही काळ धड नाही.”

“काळ तुमचा धड नाही.”

संध्याकाळी मधुवंतीने तो लाल कागद पाहिला. तीन वाक्यांच्या जागी वडिलांच्या सुरेख अक्षरात दोनच शब्द होते: ‘जेरियाट्रिक केअर’, म्हणजे वृद्धांची देखभाल.

“बाबा, म्हातारे शेवट बदलतात, ते कुठे गेलं?”

“ते काढलं. जागा वाचली.”

“वाचलेल्या जागेचं काय करायचं होतं?”

दिनकररावांनी लाल पेनाला टोपण लावलं.

“रहने दो,” ती म्हणाली. “मला जायचं होतं तिकडे. एवढंच.” आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी ठरवलं, मधुवंतीचा नवा बायोडेटा लिहायचा आणि स्वतः सुधाताईंपुढे ठेवायचा. त्यांना हवा तेवढा लाल करू दे. हिशेब फिटेल. बसले लिहायला. पहिला शब्द आला ‘रिस्पॉन्सिबल’. खोडला. दुसरा आला, तो दौलतगंजातल्याच कुणाच्या तरी गरिमाच्या बायोडेटातला होता. जन्मभर समोर दुसऱ्याचं वाक्य असायचं, मग हात चालायचा. कोऱ्या कागदावर दुरुस्त तरी काय करणार?

“हिला आवडतं काय?” त्यांनी विचारलं.

“मला काय विचारता? ती आत आहे,” विजयाबाई म्हणाल्या.

आत जायचा धीर होईना. ते रिकाम्या हाताने कंपूला गेले.

सुधाताईंनी दार उघडलं. “या सर. चहात साखर किती घालू? नाहीतर तेही चुकायचं.”

“चालेल कितीही.”

“मुलीचा कागद आणलात?”

“लिहिता आला नाही.”

“तुम्हाला?”

“दुसऱ्याचं असलं की दिसतं. आपलं काही सुचेना. माझं चुकलं, सुधाताई. मुलीचं यात काही नाही.”

सुधाताईंनी चहा पुढे सरकवला. “मग सांगा तोंडाने. कशी आहे मुलगी?”

दिनकरराव अडखळले. “चष्म्याचे नंबर काढते. समोरची अक्षरं वाचता आली नाहीत की वयस्कर माणसं ओशाळतात. तेव्हा ती म्हणते, बल्ब कमी पडतोय, थांबा.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगेल? माझाच नंबर काढायला गेलो होतो. खालच्या दोन ओळी मला…” ते थांबले.

“आणि बल्ब?”

“बल्ब चांगला होता,” दिनकरराव सावकाश म्हणाले. चष्मा काढून ते उगीच पुसत बसले.

सुधाताईंनी त्यांना पुसू दिलं. मग विचारलं, “राग येतो का तिला?”

“येतो. माझा.”

“तो कुणालाही येईल.” त्या पहिल्यांदा हसल्या. “शनिवारी पाठवा तिला. राजवर्धन फूलबागेत येईल. तुम्ही दोघं इकडे चहाला या. आणि सर, तुमचा तो फोटो त्याने पाहिलेला नाही. त्याच्यापुढे विषय काढू नका.”

“वाईट वाटेल त्याला.”

“वाईट कसलं, तो सगळं दुरुस्त करून घेईल. कुणाचंही ऐकतो. तेच नकोय मला.”

घरी मधुवंती चपला काढत होती. दिनकररावांनी शनिवार सांगितला, फूलबाग सांगितली.

“तुम्ही काय सांगितलंत माझ्याबद्दल?” तिने संशयाने विचारलं.

“बल्बचं.”

चपला नीट जोडून ठेवत ती म्हणाली, “तो खरंच कमी होता, बाबा.”