भाऊजींचा अखंड बनियन

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, गवताचं वावडं. चहाच्या मळ्याचे ते व्यवस्थापक. झुडपांमधली जमीन त्यांना नुकत्याच केलेल्या दाढीसारखी गुळगुळीत लागते. वरच्या उतारावर वर्षानुवर्षं तणनाशक मारून त्यांनी गवताचं नावनिशाण ठेवलेलं नाही. खालच्या उतारावर बायका विळ्यानं तण कापतात नि तिथंच अंथरतात. आता तिथंही फवारणी करायची, असं त्यांच्या मनानं घेतलं.

मी मळ्याच्या माती तपासायच्या खोलीत काम करते. "भाऊजी, खालच्या मातीत जीव आहे हो. तो जाईल."

"दिसतो का?"

दिसत नाही ते नसतंच, हा त्यांचा नियम. त्यात ताईचं घरकामही आलं.

शेवटी मी पैज लावली. त्यांचेच दोन सुती बनियन, एक वर पुरायचा, एक खाली. हंगाम संपताना मळ्याच्या मालकीणबाईंसमोर उकरायचे नि फवारणीचं त्या ठरवतील. पैज म्हटली की भाऊजी हो म्हणतात. कशाची, ते ऐकायला थांबत नाहीत.

उकरायच्या दिवशी खालच्या खड्ड्यातून नुसती शिवण निघाली.

"बघा!" भाऊजी कडाडले. "काय माती ही! चांगला कपडा खाऊन बसली." मग वरचा बनियन झटकून त्यांनी छातीला लावून दाखवला. "आणि हा? धुतला की उद्या ऑफिसात घालतो. आमच्या मातीनं तोंडसुद्धा लावलं नाही!"

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "तोंड लावायला तिथं कोणी उरलंय का गं?"

"फार थोडे. उघड्या जमिनीवर त्यांना खायलाच नाही. खाली ज्यांनी बनियन खाल्ला, तेच जिवाणू नि बुरशी कापलेलं गवत खाऊन झुडपांना पोसतात."

बनियन भाऊजींच्या छातीवरून हळूहळू खाली आला.

"खाली फवारणी नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि वर आधी गवत येऊ द्या."

"गवत?" घरात साप सोडा म्हटल्यासारखे भाऊजी पाहत राहिले.

पण हरणं त्यांना जमत नाही. गवत आलं, कापलं, अंथरलं. त्याखाली त्यांनी तोच बनियन पुन्हा पुरला. रोज सकाळी जाऊन उकरायचे. मोज्याला भोक पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस!

काल चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात आले.

"अहो, फरशी!" ताई ओरडली.

"फरशी राहू दे, हे बघ!" त्यांनी बनियन खिडकीशी धरला. काखेत मुगाएवढं भोक.

ताईनं सवयीनं सुईदोरा काढला.

"खबरदार!" भाऊजी म्हणाले.