राबात गेलेला मोबाइल

माझा विलास झोपेतच गेला. गेलेल्याचं अंथरूण आमच्यात घरात ठेवत नाहीत, म्हणून धाकट्या गजाने त्याची गोधडी गुंडाळून उकिरड्यात लोटली. गोधडीत विलासचा बटणांचा मोबाइल होता, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि असतं तरी काय? कचऱ्याची गाडी दहिवलीपर्यंत फिरते, आमच्या वाडीला कोण विचारतो? टॉर्चचे सेल, तुटका रिमोट, सगळं शेणाबरोबर उकिरड्यातच जातं.

दुसऱ्या पहाटे उकिरडा बोलला. विलासने गजर म्हणून स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता. "छाया, ऊठ गं, नळाला पानी आलंय." माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सून मात्र उठली आणि रोजच्यासारखी हंडा घेऊन निघाली.

मी गजाला म्हटलं, काढ ते भूत बाहेर. छाया आडवी आली.

"ऱ्हाऊ दे, आत्या. हलवला आन् गप झाला तर?"

बाई खुळावली, असं मी शेजारी सांगत सुटले. आणि पहाटे मीच जागी राहून ऐकायचे. आवाज माझ्या लेकाचा, नाव मात्र दर वेळी तिचं. मला भारी राग यायचा.

मग चार्जिंग संपलं. छायाने हातांनी उकिरडा उपसला, पण गजाने बरंचसं खत आधीच भाताच्या रोपाच्या जागेवर, पेरणीआधी पाला-शेण जाळून जमीन भाजतात त्या राबासाठी पसरलं होतं. मोबाइल सापडेना. सापडेपर्यंत राब पेटवू नका, असं तिने विनवलं. बॅटरी आगीत फुटते, असं कशेळ्याच्या मोबाइलवाल्यानेही सांगितलं होतं. पाऊस तोंडावर आलाय म्हणत गजाने दोघांचं हसण्यावारी नेलं.

राब पेटला. पाला जळाला, खालचं शेण धुमसू लागलं. छाया आणि मी बांधावर होतो. एकाएकी ती धावली ती थेट निखाऱ्यांत, आणि वाकून तिने हात घातला तोच बॅटरी फाटकन फुटली. घसा जाळणारा पांढरा धूर सुटला. गजाने तिला ओढून काढलं. दोन्ही तळवे भाजले आणि उजवा डोळा गेला.

दवाखान्यात तिने मला विचारलं, "हाक मारली त्यांनी, आत्या. तुमी नाय ऐकली?"

मी नाही म्हटलं. ऐकली होती. मी बांध उतरलेही होते. तो "आये" म्हणाला होता, फक्त सून माझ्याआधी पोचली.